मोबाइलला रेंज नाही तिथे गाडी वायरलेसवर कशी थांबणार?

झाडीपट्टीकर
नमस्कार मंडळी. मी सिंदेवाही–नागभीड पट्ट्यातल्या एका गावचा. इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनमध्ये एम.टेक. करतोय आणि यंदा प्रकल्पाचा विषय ठरवायचा आहे.

गोंदिया–बल्लारशा लाइन आमच्या धानाच्या बांध्यांना लागून जाते. अजून एकेरी आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. दुहेरीकरण म्हटलं की नवे सिग्नल आले, आणि आज ना उद्या 'कवच'ही येईल, म्हणजे ड्रायव्हर चुकला तर गाडीला आपोआप ब्रेक लावणारी रेल्वेची यंत्रणा. कवच चालतं रेडिओवर. पुढे एलटीई, म्हणजे रेल्वेचं स्वतःचं ४जी, येणार म्हणतात. पण आळेवाहीकडून सिंदेवाहीकडे गाडीनं येताना माझा फोन जंगलात मुका होतो, घरी पोचल्याचा निरोप द्यायला स्टेशन येईपर्यंत थांबावं लागतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जिथं साधा फोन लागत नाही तिथं शंभरच्या वेगानं येणारी गाडी रेडिओच्या भरवशावर सोडायची कशी? आणि हे काम लखनौच्या आरडीएसओनं, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेनं, मोठमोठ्या कंपन्यांनी केलेलंच आहे, तर माझ्यासारख्यानं गावाकडे बसून करावं असं त्यात काही उरलंय का? गाइड म्हणतात सिम्युलेशन कर, सहा महिन्यांत मोकळा होशील. मला मोकळं व्हायची घाई नाही.

वऱ्हाडी_गडी
आमच्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेले, त्या छोट्या गाडीले, कोणता रेडिओ लागत नोता भाऊ. गाडीतलाच माणूस खाली उतरे, फाटक लावे, गाडी पुढं गेली का फाटक उघडून पुन्हा चढे. पोरं चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून आणत. 😀
विषय चांगला हाये. वाचून राह्यलो.

ब्लॉक_सेक्शन
सिग्नल खात्यात आहे, विदर्भाबाहेर. खात्याच्या वतीनं बोलत नाही, जे सर्वांसाठी खुलं आहे तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या फोनची रेंज आणि कवचाची रेंज यांचा एकमेकांशी संबंध नाही. मोबाइल कंपनी टॉवर लावते जिथं गिऱ्हाईक आहे तिथं. जंगलात गिऱ्हाईक नाही, म्हणून टॉवर नाही. कवचाचा टॉवर रेल्वेचा स्वतःचा असतो, स्टेशनावर उभा केलेला, साधारण ४० मीटर उंच, आणि तो रुळाच्या दिशेनंच बोलतो. बोलणं ४०० मेगाहर्ट्झच्या वरच्या यूएचएफ पट्ट्यात होतं. ही लहर ४जीच्या वरच्या पट्ट्यांपेक्षा लांब जाते आणि झाडाझुडपांना कमी अडते.

दुसरी गोष्ट, सगळा भार रेडिओवर नाही. रुळांच्या मध्ये स्लीपरवर आरएफआयडी टॅग बसवलेले असतात, दर किलोमीटरला आणि सिग्नलांजवळ. इंजिनाखालचा वाचक त्यावरून गेला की इंजिनाला कळतं, मी अमुक लाइनवर अमुक ठिकाणी आहे. पुढचं अंतर इंजिन चाकांच्या फेऱ्यांवरून मोजतं. ते अंतर रेडिओनं स्टेशनला सांगतं, आणि स्टेशन सिग्नल व सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) पाहून परत सांगतं की इथपर्यंत यायची परवानगी आहे. मग ब्रेक कुठून लावायला हवा याचा हिशेब इंजिनातलं यंत्र करतं. ड्रायव्हरनं नाही लावला तर ते लावतं.

२०२२च्या ४ मार्चला सिकंदराबाद विभागात जी चाचणी झाली, तिच्यात इंजिन समोरच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबलं होतं. रेल्वेमंत्री त्या इंजिनात बसलेले होते.

प्रश्नचिन्ह
एवढे टॅग ठोकत बसण्यापेक्षा जीपीएस का नाही? शंभर रुपयांच्या चिपमध्ये मिळतं.

रेडिओवाला
@प्रश्नचिन्ह, हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. १९९९ला गैसलचा अपघात झाला, समोरासमोर दोन गाड्या. त्यानंतर कोकण रेल्वेत बी. राजाराम यांनी टक्करविरोधी यंत्र पुढे आणलं, तेच एसीडी. ईशान्य सीमांत रेल्वेवर १७०० किलोमीटरहून जास्त मार्गावर ते बसवलं होतं. त्याचा आधार मुख्यतः जीपीएस. अडचण अशी की शेजारच्या दोन रुळांत अंतर साडेचार-पाच मीटरचं, आणि साध्या जीपीएसची चूकही तेवढीच. समोरून येणारी गाडी माझ्याच रुळावर आहे की बाजूच्या, हे ठामपणे सांगता येत नाही. विनाकारण ब्रेक लागू लागले की चालवणाऱ्यांचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेलं यंत्र कोणी चालू ठेवत नाही.

कवचातही जीपीएस आहे, पण घड्याळं जुळवायला. एका टॉवरशी अनेक इंजिनं बोलतात, प्रत्येकाला बोलायची ठरावीक वेळ दिलेली असते, ती वेळ चुकू नये म्हणून.

प्रश्नचिन्ह
पटलं. पण मूळ प्रश्न राहिलाच. रेडिओ गेला तर?

ब्लॉक_सेक्शन
रेडिओ जाणारच, असं धरूनच रचना केलेली असते. संदेश ठरावीक वेळात आला नाही की जुनी परवानगी पुढे वाढत नाही. ड्रायव्हरला इशारा जातो, त्यानं दखल घेतली नाही तर ब्रेक. गाडी उशिरा पोचेल, पण धडकणार नाही.

कवच ज्या सुरक्षा पातळीचं आहे तिला एसआयएल-४ म्हणतात. अर्थ असा की धोका निर्माण करणारा बिघाड १० कोटी तासांत एकापेक्षा कमी वेळा व्हावा. १० कोटी तास म्हणजे अकरा हजार वर्षांहून जास्त. हा आकडा *धोक्याच्या* बिघाडाचा आहे. साधा बिघाड, गाडी उगाच थांबणं, हे त्यात मोजत नाहीत. शेतकऱ्याला, प्रवाशाला जे भोगावं लागतं ते मात्र तेच.

वऱ्हाडी_गडी
म्हंजे जागलीसारखंच झालं. आम्ही रात्री रानडुकरायसाठी मचाणावर असतो. या मचाणावरून त्या मचाणावर थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायची, तिकडून ओ आली पाह्यजे. ओ आली नाई का झोपला असंन असं कोणी म्हनत नाई, बॅटरी घेऊन पाहाले जाते.

झाडीपट्टीकर
@वऱ्हाडी_गडी, हे माझ्या गाइडना वाचून दाखवणार आहे.

निवृत्त_मास्तर
मी स्टेशन मास्तर म्हणून एकेरी लाइनवर बरीच वर्षं काढली. वायरलेस हा शब्द नवा वाटतो, पण गाडी सोडण्यातली खरी अडचण तेव्हाही हीच होती: पलीकडच्या माणसानं दिलेला शब्द खरा, ताजा आणि माझ्यासाठीच आहे हे ओळखायचं कसं?

ज्या स्टेशनात टोकनचं यंत्र होतं तिथं उत्तर सोपं होतं. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेनं जोडलेली, पलीकडच्या मास्तरनं बटण दाबल्याशिवाय गोळा बाहेर येत नाही, आणि एका वेळी एकच गोळा निघतो. तो ड्रायव्हरच्या हातात गेला म्हणजे पुढचा सेक्शन, पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ, त्याचा. पावसाळ्यात रात्री, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात गोळ्याचं कडं धरून फलाटाच्या टोकाला उभं राहायचं. न थांबता जाणाऱ्या थ्रू गाडीचा ड्रायव्हर ते कडं दंडात झेलायचा आणि मागचं आमच्या पायाशी फेकायचा.

यंत्र बिघडलं की टेलिफोनवर लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लाइन मोकळी आहे, गाडी सोडा अशी परवानगी. तिथं खरी परीक्षा. फोनवरचा आवाज खरखरतो, दोन गाड्यांचे नंबर सारखे वाटतात, माणूस थकलेला असतो. म्हणून प्रायव्हेट नंबर. प्रत्येक मास्तरकडे छापील नंबरांचा कागद, तो इतरांना दाखवायचा नाही. लाइन क्लिअर देताना त्यातला पुढचा नंबर सांगायचा, आणि लगेच तो खोडून बाजूला वेळ व गाडी लिहायची. एकदा दिलेला नंबर पुन्हा कधीच द्यायचा नाही. घेणारा तो नंबर आपल्या वहीत उतरवणार, मग पेपर लाइन क्लिअर लिहून ड्रायव्हरला देणार. फाटकावरच्या गेटमनशीही असाच नंबर. नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद.

एवढ्या शिस्तीनंही माणूस चुकू शकतो, हे मला नोकरीत रोज जाणवायचं. म्हणून कवचासारखं काही येतंय याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या वेळी ड्रायव्हरनं लाल सिग्नल ओलांडला तर आमच्या हातात काहीच नसायचं. फलाटावरून ओरडायचं, हातसिग्नल दाखवायचा, एवढंच.

ब्लॉक_सेक्शन
मास्तरसाहेब, तुमचा प्रतिसाद आमच्या प्रशिक्षण वर्गात लावायला हवा. तुमचा कागदावरचा खोडलेला नंबर आणि रेडिओ संदेशावरची सही ही एकाच गरजेतून आलेली आहेत. कवचाच्या प्रत्येक संदेशाला गुप्त चावीनं काढलेला एक कोड जोडलेला असतो आणि वेळ असते. कोड जुळला नाही तर संदेश फेकून द्यायचा, वेळ जुनी असेल तरी फेकून द्यायचा. कोणी खरा संदेश टेप करून तासाभरानं पुन्हा वाजवला तरी उपयोग नाही, कारण तो नंबर खोडून झालेला आहे.

हे नसेल तर काय होतं ते पोलंडमध्ये २०२३च्या ऑगस्टमध्ये दिसलं. तिथल्या जुन्या १५० मेगाहर्ट्झच्या रेडिओवर तीन सुरांचा एक ठरावीक क्रम वाजवला की आसपासच्या गाड्यांना आपत्कालीन ब्रेक लागतो. सूर सगळ्यांना माहीत, सही नाही, चावी नाही. कोणीतरी ते वाजवले आणि वीसेक गाड्या थांबल्या.

पूर्णाकाठ
माहितीपूर्ण. मास्तरकाका, अजून लिहा.

कीमनचा_पोरगा
सगळे ड्रायव्हर आणि मास्तरबद्दल बोलून राहिले. माझे वडील कीमन होते. खांद्यावर हातोडा, पाना, झेंड्या, पटाखे, आणि रोजचा ठरलेला रूळ पायी चालायचा. एकटा माणूस. आमच्या भागात एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला वाघ, दोन्हींकडे लक्ष. वळणावर सागाच्या आडून गाडी येते तेव्हा आवाज अगदी शेवटी कळतो, त्यातून वारा उलटा असला तर विचारू नका. आता विजेची इंजिनं आली, ती तर अजूनच कमी आवाज करतात.

गाडी कुठं आहे हे स्टेशनला, इंजिनाला, कंट्रोलला कळतं तर रुळावर चालणाऱ्या माणसाला का कळू नये? संशोधन करायचंच असेल तर हे करा. कवचाला हजारो कोटी मिळतील. एका कीमनच्या कमरेला लटकणारा, पावसात चालणारा, गाडी येते म्हणून थरथरणारा डबा, त्याला कोण विचारतो?

ब्लॉक_सेक्शन
विचारतात, पण पुरेसं नाही. 'रक्षक' नावाचं व्हीएचएफवरचं यंत्र काही ठिकाणी दिलेलं आहे. गाडी सेक्शनमध्ये शिरली की रुळावरच्या गँगला धोक्याची सूचना मिळते. तुम्ही म्हणता ते वळण आणि जंगल हेच त्याचं अवघड ठिकाण. हातातला संच कमी ताकदीचा, अँटेना कमरेला, माणसाचं शरीरच लहर अडवतं.

सागवान
वाघाचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१८च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ याच लाइनवर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. दुहेरीकरण झालं की गाड्या आणि वेग दोन्ही वाढणार.

ईशान्येत हत्तींसाठी 'गजराज' नावाची व्यवस्था केली आहे. रुळाशेजारी पुरलेल्या ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाचे ठोके सोडतात, जमीन हादरली की परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून हत्ती कुठं चाललाय ते कळतं. आमच्याकडे ते जसंच्या तसं चालेल असं वाटत नाही. वाघ दबकत चालतो, त्याच्या पावलाचा हादरा तो काय असणार. वेगळं काही शोधावं लागेल.

प्रश्नचिन्ह
अवांतर होतंय, तरी विचारतो. बालासोरला कवच असतं तर अपघात टळला असता, असं तेव्हा सगळे म्हणत होते. खरं का?

ब्लॉक_सेक्शन
अवांतर नाही. २ जून २०२३ला बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र लूपकडे, म्हणजे बाजूच्या लाइनकडे, लागलेला होता. लूपवर मालगाडी उभी. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या सर्किटमधल्या चुकीच्या वायरिंगचं. कवच आपली माहिती घेतं ती स्टेशनच्या इंटरलॉकिंगकडूनच, म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेकडूनच. इंटरलॉकिंगच म्हणत असेल की सांधा सरळ आहे, तर कवच तेच पुढे सांगणार. ड्रायव्हरनं सिग्नल मोडला तर कवच वाचवतं. सिग्नलनं ड्रायव्हरला फसवलं तर फार मदत करू शकत नाही.

म्हणून आमच्याकडे रुळाशेजारच्या लोकेशन बॉक्सचं (सिग्नलच्या वायरिंगच्या पेटीचं) कुलूप, वायरिंगचा नकाशा आणि काम झाल्यावरची तपासणी यांना एवढं महत्त्व असतं. रेडिओ कितीही उत्तम झाला तरी हे काम सुटत नाही.

पूर्णाकाठ
अकोल्याकडून एक भर. आमच्या पश्चिम विदर्भात वळवाच्या पावसात विजा फार पडतात आणि माती काळी. काळी माती ओली असताना अर्थिंग छान देते, पण मे महिन्यात भेगा पडल्या की मातीनं अर्थिंगचा दांडा सोडलेला असतो. आणि पहिली वीज पडते ती नेमकी त्याच वेळी, माती भिजायच्या आधी. शेतातल्या पंपांचे स्टार्टर आमच्याकडे त्याच आठवड्यात जळतात. दांड्याभोवती बेंटोनाइटसारखं ओल धरून ठेवणारं काही भरतात ते यासाठीच.

वीज आणि सिग्नल यांचं नातं किती वाईट असू शकतं हे चीनमधल्या वेनझोऊला दिसलं, २३ जुलै २०११. विजेमुळे सिग्नल यंत्रणेतला फ्यूज गेला. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते बंद न पडता बिघाडाच्या आधीची माहितीच पुढे पाठवत राहिलं. रुळावर उभी गाडी यंत्राला दिसलीच नाही, मागून दुसरी आली. ४० माणसं गेली.

रेडिओवाला
@पूर्णाकाठ, हे उदाहरण आणलंत ते फार चांगलं केलंत. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथंच आहे. संदेश न येणं हा सिग्नलिंगमधला मोठा धोका नाही. शिळा संदेश ताजा समजला जाणं हा आहे.

आता झाडीपट्टीकर, तुझ्या प्रकल्पाबद्दल. मी मूळचा यवतमाळचा, पुण्यात आरएफचं काम करतो.

सिम्युलेशन करू नकोस. निदान आधी करू नकोस. पुस्तकातली मॉडेलं जपान-युरोपच्या शहरांत मोजलेल्या आकड्यांवरून बसवलेली आहेत. झाडीपट्टीतला साग त्यांनी पाहिलेला नाही. जरा हिशेब कर. ४० मीटरचा टॉवर आणि इंजिनावरची साडेचार मीटरवरची अँटेना, तर पृथ्वीच्या गोलाईनं अडेपर्यंत ३५ किलोमीटरच्या आसपास अंतर मिळतं. दोन स्टेशनांत त्याच्या कितीतरी कमी अंतर आहे. म्हणजे क्षितिज आड येत नाही. पण ८ किलोमीटरच्या दुव्याला ४५० मेगाहर्ट्झवर मध्यभागी फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या निघते ३६ मीटरच्या पुढे. सरळ रेषेभोवतीची एवढी जागा मोकळी हवी, आणि टॉवरपासून दूर गेल्यावर ती रेषा झाडांच्या उंचीतच येते. डॉप्लरची, म्हणजे वेगामुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकाची, काळजी करू नकोस, १६०च्या वेगालाही ४५० मेगाहर्ट्झवर तो ६७ हर्ट्झच्या घरात असतो. काळजी कर पानांची.

साग पानं टाकतो. मे महिन्यात तुमचं जंगल आरपार दिसतं, ऑगस्टमध्ये पाच हातांवरचं दिसत नाही, आणि तेव्हा ती ताटाएवढी पानं ओली असतात. ओलं पान लहर खातं. समज, एखाद्या सेक्शनची रेडिओ पाहणी उन्हाळ्यात झाली, कारण पावसाळ्यात आत जाणं अवघड. आकडे उत्तम आले, टॉवरची जागा ठरली. भर पावसाळ्यात काय उरतं, ते कोणी मोजलंय? तुझ्या गावच्या पोरानं नाही मोजायचं तर कोणी?

झाडीपट्टीकर
रेडिओवाला सर, अंगावर काटा आला. पण मोजू कशावर? ४५० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करायला परवाना लागतो.

रेडिओवाला
लागतोच, आणि रेल्वेच्या पट्ट्यात चुकूनही काही पाठवायचं नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे, नंतर तो ८६८पर्यंत वाढवला. लोराचे संच, म्हणजे कमी ताकदीवर लांबपर्यंत छोटे संदेश पाठवणारे रेडिओ, त्यावर चालतात, विद्यार्थ्याला परवडतात. ८६५ आणि ४५० यांत मोकळ्या हवेतला फरक पावणेसहा डेसिबलचा, तो गणितानं काढता येतो. पानांमुळे पडणारा फरक वारंवारतेबरोबर वाढतो, म्हणून ८६५वरचे तुझे आकडे ४५०साठी वाईटात वाईट बाजूचे धरता येतील. थेट तेच आहेत असा दावा मात्र करू नकोस, परीक्षक तिथंच धरतील.

रुळावर जाऊ नकोस. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जीवही जातो. वनखात्याची परवानगी लागेल तिथं ती घे. लाइनच्या समांतर जाणारा रस्ता आणि तुमची स्वतःची शेतं पुरे आहेत.

प्रश्नचिन्ह
मला एक कळत नाही. एलटीई येणारच आहे ना? ९ जून २०२१ला मंत्रिमंडळानं रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झमधला ५ मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. मग यूएचएफवरचं काम पोरगा पास व्हायच्या आत जुनं होईल.

ब्लॉक_सेक्शन
मी याच्याशी असहमत आहे. रेल्वेत यंत्रणा एकदा बसली की दशकं चालते. कवचाची ४.० आवृत्ती २०२४च्या जुलैत मंजूर झाली, २०२५च्या जुलैत मथुरा–कोटा मार्गावर ती लागली. बाकीच्या जाळ्यावर पोचायला वर्षं जाणार. युरोपातही जीएसएम-आर, म्हणजे रेल्वेसाठीचं २जी, अजून चालू आहे आणि त्याच्या जागी ५जीवरचं एफआरएमसीएस आणायची तयारी कधीची चाललीय.

रेडिओवाला
शिवाय ७०० हे ४५० आणि ८६५ यांच्या मधोमध येतं. पानांची मोजणी दोन्हींना उपयोगी. उलट एलटीईला टॉवर जवळजवळ लागतील की नाही, हे ठरवायलाच असे आकडे हवेत.

पूर्णाकाठ
नागपूर मेट्रोतही गाड्या रेडिओवरच चालतात ना? सीबीटीसी. तिथं कधी अडचण आल्याचं ऐकलं नाही.

रेडिओवाला
शहरातला त्रास वेगळा. तिथं शांतता नाही, गोंगाट आहे. २०१२च्या नोव्हेंबरात चीनच्या शेन्झेन मेट्रोत गाड्या मध्येच थांबायच्या. कारण निघालं प्रवाशांच्या खिशातले वायफाय हॉटस्पॉट, कारण मेट्रोची यंत्रणाही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात होती. सिंदेवाहीच्या जंगलात हा गोंगाट नाही. या बाबतीत गाव शहरापेक्षा नशीबवान.

निवृत्त_मास्तर
झाडीपट्टीकर, एक सुचवू? तू मोजशील तेव्हा सरासरी लिहू नकोस. आमच्या काळात वरिष्ठ विचारायचे, फोन किती टक्के वेळ चालतो? मी सांगायचो, साहेब, अठ्ठ्याण्णव टक्के. ते खूश व्हायचे. उरलेले दोन टक्के मिनिटभर-मिनिटभर विखुरलेले असले तर मला काही त्रास नव्हता. पण ते सलग आले, रात्री दोन वाजता, दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या असताना, तर तीच दोन टक्के म्हणजे आख्खी रात्र. सर्वांत लांब गप्प काळ किती होता आणि कुठल्या किलोमीटरवर, ते लिही.

ब्लॉक_सेक्शन
मास्तरसाहेबांना शंभर टक्के अनुमोदन. शोधनिबंधांत सहसा 'इतके टक्के संदेश पोचले' एवढंच असतं. सिग्नलवाल्याला हवं असतं ते लागोपाठ किती संदेश बुडाले. दर शंभरातले दोन सुटे बुडाले तर गाडीला कळणारही नाही. तेच दोन-तीन-चार लागोपाठ बुडाले तर ब्रेक. त्यातून चढावर लांब मालगाडी उभी राहिली की पुन्हा ओढायला किती वेळ जातो ते इथल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा. मागे सगळ्या पॅसेंजर अडकतात.

कीमनचा_पोरगा
आणि माझं म्हणणं? कमरेचा डबा?

झाडीपट्टीकर
@कीमनचा_पोरगा, तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. सगळ्यांचं वाचून असं ठरवतोय, काही चुकत असेल तर सांगा.

शेतातल्या मचाणावर एक लोरा संच कायम बसवायचा, सौर पॅनेलवर. तो ठरावीक अंतरानं क्रमांक आणि वेळ घातलेला संदेश पाठवत राहील. दुसरा संच दोन उंचींवर फिरवायचा. एकदा बांबूला बांधून साडेचार मीटरवर, इंजिनाच्या छताची उंची म्हणून. एकदा माझ्या कमरेला, कीमनची उंची म्हणून, चालत. प्रत्येक ठिकाणी लागोपाठ बुडालेल्या संदेशांची सगळ्यात लांब साखळी नोंदवायची. साग निष्पर्ण असताना एकदा, नवी पालवी फुटल्यावर एकदा, भर पावसात एकदा, आणि पाऊस उघडल्यावर पण पानं शाबूत असताना एकदा. म्हणजे ओलाव्याचा भाग आणि पानांचा भाग वेगळा काढता येईल. वर्षभराचं काम आहे. गाइडशी कालच बोललो, 'जागली'ची गोष्टही सांगितली. ते म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः पुढे पाठवतो.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. रेंज जाईल तिथं गाडी थांबेल, कारण ती तशीच बांधलेली आहे. कामाची गोष्ट एवढीच की ती उगाच कुठं आणि किती वेळा थांबेल, हे गाडी यायच्या आधी कळावं.

सागवान
पावसाळ्यात एकटा जाऊ नको. संध्याकाळी पाचनंतर तर मुळीच नाही. गावातल्या वनरक्षकाला आधी सांगून ठेव. आणि बांबूचं रान वेगळं नोंदव, बांबूची पानं सागासारखी एकदम गळत नाहीत. मोहाच्या आणि ऐनाच्या झाडांचीही नोंद ठेव, गळण्याच्या वेळा वेगळ्या असतात. ओळखायला मी येतो.

वऱ्हाडी_गडी
मचान मजबूत बांध गा. सौर पॅनेलवर वांदरं नाचतात, आमचं एक फोडलं त्याइनं.

पूर्णाकाठ
मचाणावरच्या संचाला सर्ज अरेस्टर लाव आणि अर्थिंग पक्कं कर. आणि वीज कडाडत असेल तर बांबू हातात धरून उभा राहू नको. आकडे पुन्हा मिळतात.

ब्लॉक_सेक्शन
प्रत्येक नोंदीत अँटेनाची उंची आणि तिचा कल लिहायला विसरू नका, नाहीतर वर्षानं आकडे जुळणार नाहीत. दोन्ही संचांची घड्याळं जीपीएसनं जुळवा. पहिल्या महिन्याची फाइल आली की इथंच टाका, साखळ्यांचं विश्लेषण कसं मांडायचं ते मी दाखवतो. पेरणीच्या आधीचे आकडे हवेत, तेव्हा या आठवड्यातच सुरुवात करा.